मैदानाची किल्ली

इंदूरच्या मराठी घरांत क्रिकेटचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी हमखास १९४५-४६ च्या मोसमावर येतात. त्या मोसमात यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. सहा फलंदाजांची शतके! त्यांत सरवटे, जगदाळे, निंबाळकर आणि कर्णधार कर्नल सी. के. नायडू. त्याच वर्षी रणजी करंडक होळकर संघाने जिंकला. पुढे १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्येही.

हा इतिहास सांगताना आपण होळकरांच्या औदार्यापाशी थांबतो. मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. मुश्ताक अली हा इंदूरचाच मुलगा, जन्म १९१४ चा. तेरा वर्षांचा असताना नायडूंनी त्याला हेरले. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय ठरला. आश्रय राजाचा होता, पण पोर गावातले होते.

संस्थान विलीन झाले. १९५४-५५ नंतर होळकर नावाचा संघही राहिला नाही. आज वस्तीतल्या मुलांना पायी गाठता येईल असे मैदान बहुधा शाळेचेच असते, आणि संध्याकाळी त्याला कुलूप असते.

असे कुलूप मीही लावले आहे. बाहेरच्या मुलांच्या चेंडूने वर्गाची काच फुटली, तेव्हा फाटकावर प्रवेशबंदीची पाटी लावली. वर हिंदीत, खाली मराठीत. दोन भाषांचा मान राखला तो एवढाच! मुले गल्लीत, स्कूटरींच्या मधे खेळू लागली. आठवडाभर ते पाहिले आणि पाटी काढली.

आता साडेपाच ते सात फाटक उघडे असते. पाळीपाळीने एक पालक हजर राहतो, नावे वहीत लिहितो. काच फुटली तर सगळ्यांची वर्गणी. मराठी, माळवी, हिंदी, उर्दू बोलणारी मुले एकाच डावात भांडतात. आपल्या घरात मराठीला हिंदीत उत्तर देणारी नातवंडे तिथे ‘आऊट नाही!’ असे मराठीत ओरडतात, आणि शेजारची मुलेही तेच उचलतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शाळेची जागा वर्गाबाहेरच्या वेळात समाजाला वापरू द्यावी, असे सुचवले आहे. तरी किल्ली शेवटी मुख्याध्यापकाच्याच खिशात असते. ती काढायला काचेच्या किमतीएवढेच धाडस लागते.