हेल्मेटसक्तीचा इतिहास

मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स होते. १९४१ मध्ये केर्न्स यांनी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांवर ही सक्ती ब्रिटनमध्ये १९७३ साली आली. सैनिकाला हुकूम पुरतो. नागरिकाबाबत व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ ने चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक केले. पगडीधारी शिखांना सूट दिली. या कलमानुसार हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असले पाहिजे. म्हणजेच पट्टा न लावता स्कूटर चालवणारा कायद्याच्या दृष्टीने हेल्मेटविनाच असतो.