गळती आणि गारवा

एप्रिलच्या मध्यावर घरातले वातानुकूलन यंत्र नुसतीच हवा फेकू लागले, म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने पुढची जाळी काढून पाहिली, खिडकीबाहेर अर्धे अंग झोकून बाहेरच्या यंत्राला हात लावला आणि निदान केले, "गॅस संपलाय. भरावा लागेल." मागच्या उन्हाळ्यातही हेच निदान झाले होते. तेव्हा गॅस भरला, पैसे दिले आणि विषय संपला. या वेळी मात्र तो शब्द मनात अडकून राहिला. संपला म्हणजे गेला कुठे?

स्वयंपाकाचा गॅस जळतो, म्हणून संपतो. वातानुकूलन यंत्रातला वायू जळत नाही, झिजत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो अखंड फिरत असतो. आतल्या जाळीत द्रवाची वाफ होते, तेव्हा ती खोलीतली उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर त्या वाफेवर दाब देतो, बाहेरच्या जाळीत ती पुन्हा द्रव होते आणि घेतलेली उष्णता गल्लीत टाकते. यंत्र धड असेल तर तोच वायू वर्षानुवर्षे पुरतो. तेव्हा 'गॅस संपला' या वाक्याचा खरा अर्थ 'नळी कुठेतरी गळते आहे' एवढाच. पहिल्या वाक्याने काम भरण्यावर भागते, दुसऱ्याने शोधावे लागते. घरातल्या गारव्याचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा तो बराचसा गळतीचाच इतिहास आहे असे दिसू लागले. गारवा निर्माण करणाऱ्यांची नावे त्यात ठळक आहेत. तो टिकवून धरणारे हात मात्र बहुधा निनावी राहिले.

यंत्रापूर्वीचा गारवा आपल्याकडे वाळ्याचा होता. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या तट्ट्या लावायच्या आणि त्यांवर पाणी मारत राहायचे. गरम वारा त्यातून गाळून आत आला की पाण्याची वाफ होताना निवत असे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने वाळ्याच्या तट्ट्यांचे आणि सोऱ्याने पाणी गार करण्याच्या रीतीचे वर्णन केले आहे. रीत साधी, पण तट्टी वाळली की गारवा गेला. दुपारभर पखालीने पाणी घालणारा भिस्ती हाच तिचा प्राण. कंपनी सरकारच्या काळात साहेबांच्या बंगल्यांतून छताला टांगलेला कापडी पंखा आला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जाई आणि तिथे बसलेला पंखेवाला ती रात्रंदिवस ओढी. तो दिसू नये, पण त्याचा वारा मात्र यावा, अशीच ती रचना होती.

पंखेवाल्याला डुलकी लागली की पंखा थांबे. ही त्या व्यवस्थेतली गळती, आणि तिच्यावरचा इलाज म्हणजे लाथ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा मारहाणीत पंखेवाल्यांचे मृत्यू झाल्याची प्रकरणे न्यायालयांत आली. हिवतापाने मृताची पानथरी आधीच सुजली होती, म्हणून ती फुटली, असा बचाव गोऱ्या आरोपींच्या वतीने अनेकदा केला जाई आणि शिक्षा हलकी होई. ऐतिहासिक नोंदींत पंखेवाल्याला क्वचितच नाव असते. ते आलेच तर बहुधा अशा खटल्याच्या कागदात.

याच शतकात गारवा जहाजानेही आला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली 'टस्कनी' या जहाजातून कलकत्त्याला १८० टन बर्फ पाठवला. न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून करवतीने कापलेला तो बर्फ भुशासारख्या उष्णतारोधक वस्तूंत रचून चार महिन्यांचा प्रवास करून पोहोचला, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. उरलेला समुद्राने घेतला. ही गळती गृहीत धरूनच व्यापार होता. १८३४ साली हा बर्फ मुंबईतही उतरला आणि पुढे नौदलाच्या गोदीजवळ, आज जिथे के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था आहे तिथे, बर्फघर उभे राहिले. मुंबईचे ते घर गेले. मद्रासचे मात्र उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते आणि आज त्या वास्तूला त्यांचेच नाव आहे. १८८० च्या सुमारास यंत्राच्या बर्फाने तळ्यातल्या बर्फाचा व्यापार मोडला, पण एक खूण मागे ठेवून. आपण 'दीड टनाचे' यंत्र म्हणतो, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ती शक्ती. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीत एक जुने बर्फघर अजून मोजले जाते.

आधुनिक वातानुकूलनाचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आक्रसे आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. त्या कागदासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतली आर्द्रता आवरणारी योजना आखली. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमरने घडवला, तोही कापडगिरण्यांसाठी, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. कागद आणि सूत यांच्यानंतर पाळी आली माणसांची, तीही आधी प्रेक्षक आणि प्रवासी म्हणून. मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ साली उघडले ते वातानुकूलित होते. १९३४ साली फ्रंटियर मेलला जोडलेल्या गार डब्याखाली मात्र बर्फाच्या लाद्या असत आणि वाटेतल्या स्थानकांवर त्या पुन्हा भरल्या जात. म्हणजे पुन्हा वितळणे आणि पुन्हा भरणे!

घरात शिरण्यापूर्वी या यंत्राला एक भीती ओलांडायची होती. आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू असत. नळी गळली तर माणसे मरत. बर्लिनमधले एक कुटुंब असे दगावल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी, जिथून वायू गळू शकेल असे हलते भागच नसलेले शीतकपाट कल्पिले आणि त्याचे एकस्वही मिळवले. गळती मुळातच अशक्य करावी, हा त्यांचा मार्ग होता. जगाने दुसरा मार्ग पत्करला. टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली असा वायू शोधला, की जो विषारीही नाही आणि पेटतही नाही. १९३० साली मिजलीने तो रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. हाच फ्रिऑन. गळला तरी हरकत नाही, असा वायू. आणि ज्याच्या गळण्याने कुणाचे तत्काळ बिघडत नाही, तो गळू दिला जातो.

हरकत होती, हे कळायला चव्वेचाळीस वर्षे लागली. मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ साली दाखवले, की हे वायू इतके टिकाऊ आहेत की ते थेट वरच्या वातावरणात जातात आणि तिथे फुटून ओझोनचा थर खातात. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या खिंडाराची वार्ता आली आणि १९८७ साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. आज तो थर हळूहळू सावरतो आहे, आणि मानवजातीने एक चूक एकत्र येऊन सुधारल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. पण आपल्या घरांतल्या यंत्रांत दीर्घकाळ राहिलेला आर-२२ हा त्याच कुळातला. ओझोनला तो कमी छळतो, मात्र त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. नव्या यंत्रांतला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचाही आकडा ६७५ च्या घरात आहे. असे वायू टप्प्याटप्प्याने घटवण्याचा किगाली करार २०१६ साली झाला, त्याला भारताने २०२१ साली मान्यता दिली. २०१९ च्या भारतीय शीतलीकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. करार राष्ट्रे करतात, पण तो पाळला जातो तांब्याच्या नळीच्या जोडावर, कुणाच्या तरी बोटांनी.

म्हणून या उन्हाळ्यात मी त्या दुरुस्तीवाल्याला म्हटले, "गॅस भरण्याआधी गळती शोधाल का?" तो जरा थांबून म्हणाला, "शोधतो की! पण वेळ लागेल साहेब. त्याचे पैसे कुणी देत नाही." त्याने नळीत नायट्रोजनचा दाब भरला आणि एकेका जोडावर साबणाचे पाणी लावत गेला. बाहेरच्या यंत्राजवळच्या जोडावर बारीक बुडबुडे उठले. चौथ्या मजल्याच्या सज्ज्यावर एक पाय टेकून, कमरेला दोरही न बांधता, त्याने तो जोड पुन्हा बसवला, व्हॅक्यूम पंपाने नळी रिती केली आणि मग तोलून वायू भरला. दोन तास गेले. समोरच्या इमारतीची अशीच दहा-बारा यंत्रे त्या अरुंद गल्लीत उष्णता ओतत होती आणि तो त्या झोतात उभा होता.

गारवा आला. खोलीतली उष्णता नाहीशी झालेली नव्हती, फक्त भिंतीपलीकडे गेली होती. पंखेवाल्याच्या व्हरांड्यातही ती अशीच भिंतीपलीकडे असे. निदान त्या माणसाला पाणी विचारावे, त्याचा दोन तासांचा हिशेब न घासाघीस करता चुकता करावा आणि पुढच्या वेळी त्याने कमरेला दोर बांधल्याशिवाय त्याला बाहेर पाऊल टाकू देऊ नये, एवढे तरी भिंतीच्या या बाजूला बसलेल्याच्या हाती आहे.