अपस्मार आणि स्मृति

ज्या रोगाला मराठी घरांत फेफरें किंवा मिरगी म्हणतात, त्याला आयुर्वेदानें अपस्मार असें नांव दिलें आहे. रोगाचें लक्षण त्या नांवांतच आलें आहे. ज्यांत स्मृति दूर जाते, तो अपस्मार. झटका येतांच मनुष्य भान हरपून पडतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेंस येतो. आणि शुद्धीवर आल्यानंतर मधल्या वेळांत काय झालें, हें त्याला सांगतां येत नाहीं. भोंवतीं जमलेलीं माणसें कांदा फोडून हुंगवितात, नाहीं तर वहाण नाकाशीं धरतात. झटका आपल्या वेळीं थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळतें. हाच रोग दूर करण्यासाठीं विसाव्या शतकांत एका तरुणावर शस्त्रक्रिया झाली. तिनें रोग पुष्कळसा गेला. परंतु ज्या स्मृतीवरून रोगाला नांव मिळालें, तीच कायमची हरपली.

रोगाचें मूळ मेंदूंत आहे, हा विचार नवा नव्हे. इसवी सनापूर्वीं ४०० च्या सुमारास ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवावर असलेल्या एका ग्रंथांत, लोक ज्याला पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नाहीं, असें स्पष्ट प्रतिपादन आहे. तथापि, तेथें हात पोंचण्यास दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं. लंडन येथील ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं, झटका शरीराच्या कोणत्या भागांत सुरू होतो हें बारकाईनें पाहून, मेंदूंतील दोषाची जागा अनुमानानें ठरविण्याचा मार्ग दाखविला. त्याच शहरांत २५ मे १८८६ रोजीं व्हिक्टर हॉर्सले यांनीं एका २२ वर्षांच्या स्कॉटिश तरुणाची कवटी उघडली. लहानपणीं गाडीखालीं सांपडल्यामुळें त्याच्या मेंदूवर व्रण राहिला होता. तो काढून टाकल्यावर त्याचे झटके थांबले. पुढें कॅनडांतील माँट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड यांनीं १९३४ मध्यें मज्जाविकारांची संस्था उभारली. रोग्याला जागा ठेवून, मेंदूच्या पृष्ठभागास विजेचा सौम्य स्पर्श करीत आणि त्याला काय वाटतें हें विचारीत, ते दोषाची जागा शोधीत. प्रथम जागा निश्चित करावी आणि मग शस्त्र चालवावें, हा त्यांचा क्रम होता.

याच काळांत अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत हेन्री मोलेसन नांवाचा मुलगा वाढत होता. त्याचा जन्म १९२६ चा. लहानपणीं एका सायकलीची धडक लागून तो पडला होता. रोगाचें कारण तें होतें कीं नाहीं, हें कोणालाच ठामपणें म्हणतां आलें नाहीं. दहा वर्षांचा असतांना त्याला लहान झटके येऊं लागले. बोलतां बोलतां तो क्षणभर स्तब्ध होई आणि पुन्हां भानावर येई. पंधरा-सोळाव्या वर्षीं मोठे झटके सुरू झाले. वर्गांतील मुलें चिडवूं लागलीं, तेव्हां त्यानें शाळा सोडली. मागून दुसऱ्या शाळेंत नांव घालून त्यानें १९४७ मध्यें, वयाच्या २१ व्या वर्षीं, आपला शिक्षणक्रम पुरा केला. परंतु प्रमाणपत्र घेण्यासाठीं सोबत्यांबरोबर व्यासपीठावर जाणें त्याच्या नशिबीं नव्हतें. तेथें झटका आला तर काय, ही वडीलधाऱ्यांची धास्ती. ज्या मुलानें रोगाशीं झगडून अभ्यास पुरा केला, त्याला त्या अभ्यासाचा मान चारचौघांत मिळाला नाहीं.

पुढें तो कारखान्यांत काम करूं लागला; पण रोग वाढत गेला. लहान झटके दिवसाला सुमारें दहा, आणि मोठा झटका आठवड्याला एक, अशी स्थिति आली. जितकें औषध शरीराला सोसेल तितकें दिलें, तरी उतार पडेना. शेवटीं काम सुटलें. सत्तावीस वर्षांचा मुलगा आईबापांच्या आधारानें घरीं बसला.

हार्टफर्ड येथील शस्त्रवैद्य विल्यम स्कोव्हिल यांनीं १९५३ मध्यें त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. मेंदूंतील विजेच्या लहरींच्या आलेखांत दोषाची निश्चित जागा सांपडली नव्हती. तरीही डोळ्यांच्या वर कवटीस दोन छिद्रें पाडून त्यांनीं दोन्ही कानशिलांच्या आंतला भाग शोषून काढला. त्या भागांत समुद्रघोड्यासारख्या आकाराचा एक अवयव असतो. त्या आकारावरूनच त्याला हिपोकँपस म्हणतात. त्याचें कार्य त्या वेळीं नीट कळलेलें नव्हतें. हा प्रयोगच आहे, हें स्कोव्हिल यांनीं पुढें लेखांत उघडपणें मान्य केलें.

झटके पुष्कळच कमी झाले. औषध चालूच राहिलें. पण मोठा झटका क्वचित् येऊं लागला. बुद्धि तर किंचित् सुधारलेली दिसली. शस्त्रक्रियेपूर्वीं बुद्धिमापनांत १०४ गुण होते, ते १९५५ मध्यें ११२ झाले. हेन्रीचा स्वभाव पूर्वींसारखाच शांत व सौजन्यशील होता. मात्र झालेली गोष्ट त्याच्या मनांत टिकेना. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानें आपण काय खाल्लें, हें त्याला सांगतां येत नसे. घर बदललें, तर नवा पत्ता महिनोन् महिने लक्षांत राहीना. अंगणांतील गवत कापण्याचें यंत्र तो काल वापरी आणि आज तें कोठें आहे हें आईला विचारी. तींच मासिकें तो पुन्हां पुन्हां वाची, आणि प्रत्येक वेळीं मजकूर त्याला नवाच असे. एप्रिल १९५५ मध्यें तारीख विचारली असतां त्यानें मार्च १९५३ सांगितलें, आणि आपलें वय २७ असल्याचें म्हटलें.

माँट्रियलहून आलेल्या ब्रेंडा मिल्नर यांनीं त्याची परीक्षा केली आणि १९५७ मध्यें स्कोव्हिल यांच्यासह तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें त्यांनीं त्याला आरशांत पाहून ताऱ्याच्या आकृतीच्या कडेनें रेघ काढावयास सांगितलें. हें काम कोणालाही प्रथम अवघडच जातें. तीन दिवसांच्या सरावानें हेन्रीचा हात सफाईदार चालूं लागला. पण तिसऱ्या दिवशींही, हें आपण पूर्वीं कधीं केलें आहे, असें त्याला वाटत नव्हतें. हात शिकला, परंतु शिकल्याची आठवण राहिली नाहीं. यावरून स्मृति एकच नव्हे, कसबाची स्मृति निराळी आणि घडलेल्या प्रसंगांची स्मृति निराळी, हें सिद्ध झालें.

पुढें सुझान कॉर्किन यांनीं चार दशकांहून अधिक काळ त्याच्यासंबंधीं संशोधन केलें. इतक्या वर्षांच्या भेटींनंतरही त्या कोण, हें त्याला नीट सांगतां येत नसे. शाळेंतील ओळखीची कोणी असावी, असें त्याला वाटे. वडील १९६६ मध्यें वारले. आई थकली, आणि १९८० पासून तो शुश्रूषागृहांत राहूं लागला. आपल्या अभ्यासापासून दुसऱ्यांना उपयोग व्हावा, अशी इच्छा तो वारंवार बोलून दाखवी. त्या अभ्यासाचें फळ मात्र त्याच्या ध्यानांत राहणें शक्य नव्हतें. शास्त्रीय लेखांत त्याचीं आद्याक्षरेंच छापलीं जात. २ डिसेंबर २००८ रोजीं तो मरण पावल्यावरच पूर्ण नांव जगाला कळलें.

त्याच्या हानीचा धडा वैद्यांनीं घेतला. दोन्ही बाजूंचा तो भाग काढूं नये, असा इशारा स्वतः स्कोव्हिल यांनींच दिला. पुढें दोषाची बाजू निश्चित करून, दुसरी बाजू स्मृतीचा भार पेलूं शकेल कीं नाहीं हें आधीं तपासून, एकाच बाजूस शस्त्र लावण्याची पद्धति रूढ झाली. कॅनडांत ८० रोग्यांवर केलेला एक तौलनिक अभ्यास २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत शस्त्रक्रियेच्या गटांतील शेंकडा ५८ रोगी वर्षअखेर भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधावर असलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ८ होतें. हिंदुस्थानांतही पेनफील्ड यांच्या हाताखालीं शिकलेले जेकब चांडी यांनीं १९४९ मध्यें वेल्लोर येथें मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. आणि १९९५ पासून त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा संस्थेंत अपस्मारावरील शस्त्रक्रियेची नियमित व्यवस्था झाली.

शस्त्रक्रियेनंतर बरा होऊन घरीं परतणारा रोगी दाराशीं उभ्या असलेल्या आईला ओळखतो, आणि दुसऱ्या दिवशीं कालची भेट त्याला आठवते. हें इतकें साधें वाटतें कीं, त्याची मोजदाद कोणी करीत नाहीं. तें सुख आपल्या हातून निसटूं नये म्हणून वैद्य जी काळजी घेतात, ती काळजी हेन्री मोलेसनच्या पंचावन्न वर्षांच्या विस्मृतींतून आलेली आहे. त्याला स्वतःला तें कधीं आठवलें नसतें. म्हणूनच इतरांनीं तें आठवणींत ठेवावयास हवें.