कंपनी मरते केव्हा?

एखादी पतपेढी किंवा कंपनी 'अवसायनात काढली' असे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि ती संपली असे समजतो. कायद्याच्या दृष्टीने ती तेव्हा संपलेली नसते. अवसायक येतो, मालमत्ता विकतो, देणी भागवतो आणि काही उरले तर ते भागधारकांना वाटतो. हे सारे झाल्यावर विसर्जनाचा हुकूम निघतो. माणूस आधी मरतो आणि दाखला मागून मिळतो. कंपनीचे उलटे असते. हुकूम होतो तेव्हाच ती मरते.

या दोन टप्प्यांमध्ये किती काळ जावा? ज्या कंपनीने आपल्यावर राज्य केले, तिच्या बाबतीत चाळीस वर्षे गेली.

३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी १८५७ च्या उठावानंतर संपली, असे आपण शाळेत शिकलो. तिचा व्यापार मात्र त्याआधीच बंद झाला होता. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली कायदा करून तिला धंदा आवरायला आणि व्यापारी मालमत्ता विकायला सांगितले. हिंदुस्थानचा कारभार तेवढा तिच्याकडे ठेवला. एका अर्थाने हे अवसायनच होते.

आमच्याकडे मयताचे कर्ज आधी फेडतात, मगच वारसांची वाटणी होते. कंपनी कायद्याचा क्रमही असाच आहे : धनको आधी, भागधारक शेवटी. इथे मात्र कंपनीची देणी हिंदुस्थानच्या महसुलावर टाकली गेली. एवढेच नव्हे, तर ६० लाख पौंडांच्या भागभांडवलावर साडेदहा टक्के लाभांशही त्याच महसुलातून द्यायचे ठरले. म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड, त्या वेळच्या दराने सुमारे ६३ लाख रुपये. या महसुलाचा मोठा भाग होता शेतसारा.

आता शेजारी दुसरा हिशेब ठेवून पाहा. पेशवाई गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला ८ लाख रुपयांचे पेन्शन मिळत होते. १८५१ साली बिठूरला त्याचे निधन झाले, तेव्हा ते हयातीपुरतेच होते असे सांगून कंपनीने नानासाहेबांचा हक्क नाकारला. लंडनच्या भागधारकाचा लाभांश मात्र हयातीपुरता नव्हता. तो वारसाला जाई, बाजारात विकताही येई.

१८५८ साली राज्य राणीकडे गेले, तरी भागधारकांचा लाभांश चालूच राहिला. लंडनमधले कंपनीचे मुख्यालय १८६१ साली पाडले गेले. कंपनीच्या सरकारने ज्यांच्यावर खटला चालवला, ते बादशहा आणि शायर बहादूरशहा जफर १८६२ साली रंगूनला कैदेत वारले. १८६६ साली ओरिसात दुष्काळाने लाखो माणसे मेली. कायद्याच्या कागदावर कंपनी अजून जिवंत होती आणि लाभांश थांबला नव्हता.

लाभांशाला चाळीस वर्षांचे संरक्षण १८३३ च्या कायद्यानेच दिले होते. त्यानंतर शंभर पौंडांच्या भांडवलाला दोनशे पौंड देऊन तो सोडवून घ्यायचा, असे त्यात ठरले होते. ती मुदत भरत आली, तेव्हा पार्लमेंटने १८७३ साली लाभांशमुक्तीचा कायदा केला आणि १ जून १८७४ रोजी कंपनीचे विसर्जन झाले. कुठे तोफ वाजली नाही, कुणाला खटल्याला उभे केले नाही. भागधारकांचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत चुकता झाला होता.

हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते, हे दादाभाई नौरोजी १८६७ पासून लंडनमध्येच आकडे देऊन सांगत होते. या लाभांशासारख्या रकमा त्याच प्रवाहातल्या.

तेव्हा कंपनी बुडाल्याची बातमी वाचाल, तर ती कधी बंद पडली एवढ्यावर थांबू नका. तिची देणी कोणाच्या माथी गेली आणि तिच्या विसर्जनाच्या दिवसापर्यंत कोणाला पैसे मिळत राहिले, हेही पाहा.