परळचे यीस्ट आणि रक्ताचा कर्करोग

मालवणच्या माणसाला परळ नवे नाही. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा चाकरमान्यांची पिढीच्या पिढी तिथल्या चाळींत राहिली. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी परळची वाट मोडली नाही. आता त्या वाटेने आजारी माणसे जातात. एखाद्या वाडीत कुणाला कर्करोग झाला की ‘टाटाक नेल्यानी’ एवढे दोन शब्द पुरतात. कुठे, कशासाठी, हे विचारावे लागत नाही.

टाटा स्मारक रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तू आहे. रक्ताच्या कर्करोगावरील पहिल्या खऱ्या औषधाची कथा आम्ही या वास्तूपासून सुरू करणार आहोत. ही गोष्ट सांगताना बहुतेक पुस्तके बॉस्टनपासून सुरुवात करतात. आमच्या मते ती अर्ध्यातून सुरू केलेली गोष्ट आहे.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणी एक तीव्र पांडुरोग होत असे आणि त्यातून अनेकजणी दगावत. त्याचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. या रुग्णांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या असत, पण ज्या असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडुरोगात उलट त्या लहान होतात. म्हणजे हा आजार वेगळा होता. विल्सबाईंनी प्रथम जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. हाती काही लागले नाही. मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात याची त्यांनी पाहणी केली, तेव्हा आहार जितका निकृष्ट तितका हा पांडुरोग अधिक, असे दिसले. भाजीपाला, फळे, दूध, मांस यांची ज्या घरात वानवा, तिथे तो हमखास. ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. पुढे प्रयोगशाळेतल्या माकडांना तसाच निकृष्ट आहार दिल्यावर त्यांनाही तसाच पांडुरोग झाला आणि मार्माइटने तो बरा झाला. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. स्वस्त आणि दिसायला काकवीसारखा. तो पोटात जाताच रुग्ण स्त्रियांच्या रक्तातही झपाट्याने सुधारणा झाली. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यीस्टमधला तो अज्ञात पदार्थ काही वर्षे ‘विल्स घटक’ या नावाने ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव पडले. विल्स घटक तो हाच. आज गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्रात लोह आणि फोलिक आम्लाची गोळी मिळते. तिचे मूळ परळमध्ये आहे, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

फोलिक आम्ल शरीरात करते काय? पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर घडवण्यासाठी फोलिक आम्लाची गरज असते. ते कमी पडले तर पेशी वाढते, फुगते, पण दुभंगू शकत नाही. अस्थिमज्जेत दर सेकंदाला लक्षावधी नव्या पेशी जन्मत असतात, त्यामुळे टंचाईचा पहिला फटका तिलाच बसतो. गिरणीकामगार स्त्रियांच्या रक्तातील त्या मोठ्या पेशींचा उलगडा असा होतो.

आता बॉस्टन. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. १९४५ मध्ये फिर्खो या जर्मन वैद्याने ज्याला ‘पांढरे रक्त’ म्हटले... क्षणभर थांबू या, ते साल १८४५. म्हणजे या रोगाला नाव मिळून शंभर वर्षे झाली होती आणि तरी ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत जाणार, यात बदल झाला नव्हता. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींचे रान माजते आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही, असा हा रोग. फार्बर यांनी काही रुग्णांना फोलिक आम्लाची संयुगे देऊन पाहिली. रोग मंदावण्याऐवजी भडकल्यासारखा त्यांना वाटला. दुसरा कुणी इथे थांबला असता. फार्बर यांनी प्रश्न उलटा केला: ज्याने आग भडकते तेच तोडले तर?

त्यासाठी फोलिक आम्लासारखा दिसणारा, पण त्याचे काम न करणारा पदार्थ हवा होता. कुलपात जाणारी, पण न फिरणारी किल्ली. अशा किल्ल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार होत होत्या आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवण्याचे कामही त्यांच्याच गटाने केले होते. त्यांच्याकडून आलेले अमिनोप्टेरिन १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी मुलांना देण्यास सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १६ मुलांपैकी १० जणांचा रोग ओसरला होता. अंथरुणाला खिळलेली मुले चालू लागली. काही महिन्यांनी रोग परतला, हेही निबंधात लपवलेले नाही. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव वारले. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना दिले जाते.

पुढच्या वीस वर्षांत औषधे वाढली. सहा-मर्कॅप्टोप्युरिन आले, स्टिरॉइडे आली. व्हिन्क्रिस्टिन आले, ते तर आपल्या दारातल्या सदाफुलीतून. कोकणात असे अंगण विरळाच जिथे ही गुलाबी-पांढरी फुले नाहीत. (ही माहिती वर्गात सांगताना एक इशारा जरूर द्यावा. सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा होत नाही. ती विषारी असतात. औषध म्हणजे तिच्यातला अत्यल्प प्रमाणात असलेला, वेगळा काढलेला आणि मोजून शिरेतून दिलेला घटक.) एकेका औषधाने रोग परततो, म्हणून ती एकत्र द्यायची, असा विचार १९६०च्या दशकात रुजला आणि मुलांमधील तीव्र लसिकापेशी ल्युकेमिया बरा होऊ लागला. श्रीमंत देशांत आज अशा दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ बरी होतात.

आपल्याकडे काय होते? लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानेच गेल्या आणि त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन झाला. १९४१ मध्ये टाटा रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळा उभारल्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. हे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोली गावाचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. २० मार्च १९८३ रोजी याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले अस्थिमज्जा रोपण केले. पोलिओमुळे ते स्वतः चाकांच्या खुर्चीत बसून काम करीत.

पण आमच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना कमी गाजलेली आहे. १९८०च्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील रुग्णालयांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयन मॅग्रॅथ यांच्यासह मुलांच्या ल्युकेमियासाठी एकच उपचारक्रम ठरवला. एमसीपी-८४१ हे त्याचे रूक्ष नाव. औषधे जुनीच, परवडणारी; पण सर्वांनी ठरलेल्या क्रमाने द्यायची आणि नोंदी ठेवायच्या. त्यापूर्वी पाचातले एखादे मूल वाचत असे, ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. नोंदींमुळे आणखी एक गोष्ट कळली: आपली मुले परदेशी मुलांसारखी नव्हती. ती उशिरा येत, कुपोषित असत, औषधांचे दुष्परिणाम त्यांना अधिक बाधत आणि जंतुसंसर्गाने त्यांपैकी काही उपचार चालू असतानाच दगावत. एकच क्रम सर्वांना सारखा लागू पडत नाही, हा धडा इथे मिळाला.

‘व्यक्तिनुरूप उपचार’ हा शब्द आता डॉक्टरांच्या सभांतून फार ऐकू येतो. त्याची ठळक उदाहरणे मोठी आहेत. दीर्घकालीन मज्जापेशी ल्युकेमियात २२ व्या गुणसूत्राचा तुकडा पडलेला असतो, हे १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले. तो ९ व्या गुणसूत्राशी अदलाबदल झाल्याने आखूड होतो, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. त्या अदलाबदलीतून जन्मणाऱ्या प्रथिनालाच रोखणारे इमॅटिनिब २००१ मध्ये आले. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत, भारतीय कंपन्यांच्या औषधाला ८ ते १० हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ते सामान्यांच्या आवाक्यात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या सहकार्यातून घडलेल्या कार-टी उपचारात तर रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना रोगपेशी ओळखायला शिकवून परत सोडतात. परदेशाच्या तुलनेत तो स्वस्त आहे, पण खर्च अजूनही लाखांच्या दशकांतच.

मालवण, देवबाग किंवा तारकर्लीच्या मुलाशी या साऱ्याचा संबंध काय? आहे, आणि तो अशा एका गोळीतून येतो जिचा शोध सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. परळमधले पहिले काही महिने संपले की पुढची सुमारे दोन वर्षे मूल घरी राहून रोज सहा-मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. काही माणसांच्या शरीरात मर्कॅप्टोप्युरिनचा निचरा करणारे विकर जन्मतःच दुबळे असते. त्यांना नेहमीची मात्रा दिली तर अस्थिमज्जा कोलमडते. युरोपीय लोकांत याचे मुख्य कारण टीपीएमटी हे जनुक. ते आधी सापडले आणि पाठ्यपुस्तकांत तेवढेच राहिले. आशियाई लोकांत मात्र एनयूडीटी-१५ या दुसऱ्या जनुकातील बदल अधिक आढळतात, हे २०१४-१५ मध्ये कळले. ज्याला हे बदल आई-बाप दोघांकडून मिळाले आहेत, त्याला नेहमीच्या मात्रेचा लहानसा अंशच पुरतो. त्यापूर्वी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पुस्तकात हे असणे शक्यच नव्हते.

म्हणून डॉक्टरांनाही शिकत राहावे लागते. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मागते. प्रशिक्षण शिबिरांत जांभया देणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकांना त्यातली गंमत आणि त्यातला फोलपणा, दोन्ही समजू शकेल. कार-टीवरचे व्याख्यान ऐकून तालुक्याच्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी काही करता येत नाही. मात्र तीन गोष्टी त्यांच्याच हातात असतात. घरी असलेल्या मुलाचे रक्त ठरल्या वेळी तपासून गोळीची मात्रा परळच्या डॉक्टरांना विचारून बदलणे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर रात्रीच्या गाडीची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात तासाभरात प्रतिजैविक सुरू करणे. मुंबई पाचशे किलोमीटर लांब आहे. आणि तिसरी, निदानाच्याही आधीची. मुलाला बरेच दिवस ताप आहे, हाडे दुखतात, चेहरा पांढुरका पडला आहे, म्हणून रक्त न तपासता स्टिरॉइड द्यायचे नाही. ते ल्युकेमियावरचेच औषध असल्याने मूल चार दिवसांत खेळू लागते, घरचे डॉक्टरांना दुवा देतात. रोग दबतो, जात नाही. काही आठवड्यांनी तो उसळतो, तोवर मज्जेची तपासणी संदिग्ध झालेली असते आणि रोगपेशी त्या औषधाला सरावलेल्या असू शकतात.

ते मूल याच काळात वर्गातही बसलेले असते. कवायतीला पाय दुखतात म्हणणारे, मार न लागता अंगावर निळे डाग उठणारे, हिरड्यांतून रक्त येणारे. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. रक्ताची संपूर्ण गणना मात्र आता तालुक्याच्या गावी काही तासांत, थोडक्या पैशांत होते, आणि ती करून घ्या असे पालकांना सांगायला डॉक्टर असावे लागत नाही.