धीर व आशा (ख्रिस्ती धर्मविचार)

धीर व आशा : दुःख भोगीत असता त्याखाली टिकून राहण्याची शक्ती व त्या टिकण्यातूनच उपजणारी ईश्वरावरील भिस्त, अशा अर्थाने ख्रिस्ती धर्मविचारात येणारी शब्दजोडी. तिचे मुख्य प्रतिपादन प्रेषित पौलाने रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आढळते. तेथे आशा ही क्लेशाच्या आरंभी दिलेली नसून, क्लेश सोसता सोसता जो धीर येतो आणि त्या धीराने जे शील कसास उतरते, त्यांच्या शेवटी ती ठेविलेली आहे. हा क्रम ध्यानी न घेता आशेस केवळ सांत्वनाचा उपचार मानण्याची वहिवाट पडली आहे, आणि ती मूळ विचारास सोडून आहे.

पौलाच्या ग्रीक पत्रातील ‘हुपोमोने’ या शब्दाचा धात्वर्थ ओझ्याखाली जागा न सोडता राहणे असा असून मराठी भाषांतरांत त्यासाठी ‘धीर’ हा शब्द रूढ झाला. मात्र संस्कृत साहित्यपरंपरेतला धीर पुरुष निराळा आहे : कालिदासाने कुमारसंभवात शिवाच्या तपश्चर्येच्या प्रसंगी त्याचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात चित्ताची अविचलता हेच सर्वस्व होय. बायबलातील धीराचे पुरुष विचलित होतात व रडतातही. ईयोब आपल्या जन्मदिवसास शाप देतो. स्तोत्रसंहितेतील कित्येक स्तोत्रे निव्वळ तक्रारीची आहेत. येशू लाजाराच्या कबरीपाशी अश्रू ढाळतो आणि वधस्तंभावरून बाविसाव्या स्तोत्राचे आर्त आरंभवचन उच्चारतो. असे असूनही त्यांचा धीर सुटला असे ग्रंथ म्हणत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच्याच दारी ते गाऱ्हाणे घेऊन ते उभे राहतात. मराठी ‘धीर’ या शब्दास ख्रिस्ती वाङ्मयाने जोडलेली अर्थच्छटा ती हीच.

हा अर्थभेद ज्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष दिसतो अशा मराठी व्यक्तींत पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे नाव पहिले घ्यावे लागते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी संस्कृत विद्येत वाढलेल्या या कन्येने तीर्थयात्रेच्या भटकंतीत, मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील व बहीण यांचे मृत्यू एकामागून एक पाहिले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास व १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले, तेव्हा पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताची ओळख पुढे कित्येक वर्षांनी पटली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे, व हा प्रामाणिकपणा त्यांच्या सर्व लेखनात विशेष मोलाचा वाटतो. १८८९ मध्ये मुंबईस त्यांनी शारदा सदन स्थापिले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि अन्नावाचून कंठगत झालेल्या मुली व विधवा त्यांनी आपल्याबरोबर आणिल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनाचा विस्तार या मुली व विधवांमुळेच झाला. तारुण्यात जी भूक आपल्या घराचा ग्रास करून गेली, तिच्याच मुलखात ही स्त्री पुन्हा आपल्या पायांनी चालत गेली, यापरते पौलाच्या त्या क्रमाचे भाष्य मराठीत झालेले नाही. उत्तरायुष्यात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि पंडिता असूनही अल्पशिक्षित स्त्रियांस समजेल अशा साध्या मराठीचा आग्रह धरिला. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी ते काम थांबले नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांत हाच धीर, पतीच्या धर्मांतराने झालेल्या ताटातुटीच्या हकिकतीत, निखळ हास्यासह वावरताना दिसतो.

महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्याचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे : एक धर्मशिक्षणाचा व दुसरा प्रत्यक्ष दुःखाचा. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजी अंमलाखाली आलेल्या वऱ्हाडाचा हा आग्नेय भाग. पूर्वी त्यास वणी जिल्हा म्हणत, आणि १९०५ च्या पुनर्रचनेत दारव्हा व पुसद हे तालुके जोडले जाऊन यवतमाळ जिल्हा सिद्ध झाला. १८९९–१९०० चा दुष्काळ वऱ्हाडास फार जाचला. अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मिशनने येथे ठाणे दिले. जिल्ह्यातील उमरीचे रुग्णालय याच मिशनचे. १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था निघाली. निरनिराळ्या पंथांचे व प्रांतांचे विद्यार्थी या कापसाच्या गावी राहून ईयोब आणि पौल अभ्यासीत असत. १९८३ मध्ये संस्था पुण्यास हलली.

पुढे हाच जिल्हा कर्जबाजारी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला, व २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली त्यांत यवतमाळ होते. ज्या घरातील कर्ता गेला, त्या घरी जाऊन हे दुःख ईश्वराने परीक्षेसाठी धाडले असे सांगणे हा ख्रिस्ती धीराचा उपदेश नव्हे. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखाची कारणे त्यास पटवू पाहिली, आणि ग्रंथाच्या शेवटी ईश्वराचा कोप झाला तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. वास्तविक आरंभी त्यांचे वर्तन योग्यच होते : आल्यावर सात दिवस व सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले व एक शब्दही बोलले नाहीत.