कृत्रिम दंतावली : निर्मितिपद्धतींचा विकास

पडलेल्या किंवा काढून टाकलेल्या नैसर्गिक दातांच्या जागी बसविण्यात येणाऱ्या दातांच्या संचास कृत्रिम दंतावली किंवा कवळी म्हणतात. चर्वण, उच्चार व चेहऱ्याची ठेवण ही तिच्यावर अवलंबून असतात. हिरडीशी मेळ नीट न बसल्यास जखमा होतात आणि कवळी वापराविना पडून राहते. म्हणून तोंडाचा आकार कवळीत अचूकपणे कसा उतरवावा, हाच या तंत्राच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

कोरीव कवळ्या : इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमारास इटलीतील इट्रुस्कन लोक कृत्रिम दात सोन्याच्या पट्ट्यांनी शेजारच्या दातांना जखडीत. जपानमध्ये सोळाव्या शतकात अखंड लाकडातून पूर्ण कवळ्या कोरीत. यूरोपात हस्तिदंत व पाणघोड्याचे दात यांचा उपयोग होई. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या लाकडी होत्या ही समजूत चुकीची असून त्यांत हस्तिदंत, धातू व मानवी दात वापरलेले होते. हस्तिदंत तोंडात झिजे व त्यास दुर्गंधी येई. मानवी दात बहुधा मृतांच्या तोंडांतून मिळवीत. १८१५ च्या लढाईवरून अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असे नाव पडले.

ठसा व साचा : १७५६ मध्ये जर्मन दंतवैद्य फिलिप फाफ यांनी मेणाच्या ठशात प्लॅस्टर ओतून जबड्याची प्रतिकृती करण्याची रीत वर्णिली. १७७४ मध्ये फ्रेंच औषधविक्रेते आलेक्सी द्यूशातो यांनी स्वतःसाठी पोर्सेलिनची कवळी करविली. त्यांच्या हस्तिदंती कवळीस औषधांचे वास लागत. तथापि भाजताना पोर्सेलिन आकसत असल्याने मेळ साधणे कठीण जाई.

चार्ल्स गुडइअर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावल्यानंतर कठीण रबराच्या स्वस्त कवळ्या शक्य झाल्या. १८४६ पासून ईथरच्या साहाय्याने दात वेदनारहित काढता येऊ लागल्याने मागणीही वाढली. अमेरिकेत या पद्धतीचे एकस्व (पेटंट) असलेली कंपनी दंतवैद्यांकडून परवानाशुल्क वसूल करी. हा वाद इतका विकोपास गेला की, १८७९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे एका दंतवैद्याने कंपनीचे कोषाध्यक्ष जोसाया बेकन यांचा खून केला. १८८१ मध्ये एकस्वाची मुदत संपली. १९३० नंतरच्या दशकात आलेल्या ॲक्रिलिक रेझिनाने रबर मागे पडले.

या पद्धतीत ठसा, प्लॅस्टरची प्रतिकृती, मेणाची कवळी, साचा व रेझीन असा क्रम असतो. मेण थंड होताना आकसते, प्लॅस्टर घट्ट होताना किंचित प्रसरण पावते व रेझीन पक्के होताना आकसते. या दोषांचा एकमेकांशी तोल साधणे हेच कारागिराचे कौशल्य असे.

संगणकीय पद्धत : फ्रेंच दंतवैद्य फ्रान्स्वा द्यूरे यांनी १९७३ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने ठसा घेण्याची कल्पना प्रबंधरूपाने मांडली. झुरिक येथे व्हेर्नर मोरमान व मार्को ब्रांदेस्तीनी यांनी विकसित केलेल्या यंत्राने १९८५ मध्ये सिरॅमिकचे पहिले भरण रुग्णासमोरच कोरून बसविण्यात आले. आता कवळीसाठी आधीच पक्के झालेले रेझीन कोरतात किंवा द्रव रेझिनाचे थर प्रकाशाने घट्ट करीत त्रिमितीय मुद्रणाने ती घडवितात. झिर्कोनियाचा दात भट्टीत सु. २० टक्के आकसतो. परंतु हे प्रमाण संगणकास आधीच ज्ञात असल्याने तो तेवढाच मोठा कोरला जातो. पोर्सेलिनच्या काळातील अडचण अशा रीतीने गणिताने सुटली. शिवाय आकाराची नोंद जतन होत असल्याने हरवलेली कवळी पुन्हा ठसा न घेता करता येते.

मर्यादा : प्रकाशीय यंत्र पृष्ठभाग टिपते, परंतु मऊ हिरडी दाबाखाली किती सरकते आणि गाल व जीभ हलताना कवळीची कड कोठे असावी, हे त्यावरून पूर्णपणे कळत नाही. त्यामुळे पूर्ण कवळीसाठी अनेकदा हातानेच ठसा घेऊन मग त्याचे संगणकीय चित्रण करतात. एक-दोन दातांच्या टोपणांच्या बाबतीत यंत्राचा लाभ सर्वाधिक असतो. मधल्या प्रतिकृतींची संख्या घटली, तरी जबड्यांचा परस्परसंबंध ठरविणे व रुग्णाच्या तोंडात कवळी पारखून दुरुस्त करणे ही कामे दंतवैद्याकडेच राहिली आहेत.